रविवारी कुठल्या चर्चला जाता?

मावशी, नमस्कार.

मी मूळची कराडची. गेली अकरा वर्षं शिकागोत आहे. एका विमा कंपनीत डेटाचं काम करते, आठवड्यातले तीन दिवस घरून. नवरा अमेरिकन, गोरा, हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. तो अलाबामाच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात वाढला. घर कट्टर सदर्न बाप्टिस्ट, म्हणजे तिकडच्या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाचं. वडील चर्चचे डीकन, कारभार पाहणाऱ्या मंडळींतले. रविवारी सकाळी चर्च, रविवारी संध्याकाळी चर्च, बुधवारी रात्री चर्च. घरात दारू नाही, पत्ते नाहीत, नाच नाही. एकोणिसाव्या वर्षी त्याने वडिलांना सांगितलं की माझा यातल्या कशावरच विश्वास उरलेला नाही, आणि तो शिकागोला निघून आला. वडील सात वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. आमच्या लग्नालाही आले नाहीत, ना कराडला ना शिकागोला. आई आली, शिकागोला, एकटी, दोन दिवसांसाठी.

मागच्या नोव्हेंबरात वडील गेले. तेव्हापासून नवरा बदललाय. आई बहात्तर वर्षांची, एकटी राहते, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दर रविवारी दुपारी तो तिला फोन करतो आणि फोनवर त्याचा हेलच बदलतो. मी ज्याच्याशी लग्न केलं तो असं बोलत नाही. परवा जेवायला बसलो तर त्याने क्षणभर डोळे मिटले. मी विचारलं, प्रार्थना करतोस? म्हणाला, नाही गं, सवय. आणि आता म्हणतो, आपण तिकडेच राहायला जाऊ. गावच्या शाळेत गणिताची जागा निघाली आहे. म्हणतो, मला चर्चला परत जायचं नाहीये, मला घरी जायचंय. मला यातला फरक कळत नाही.

मी चौतीस वर्षांची आहे. पुढच्या वर्षी मूल व्हावं असं आमचं चाललंय. मी तिथे कोण असणार? सासूबाई चर्चला चल म्हणाल्या तर काय सांगू? आणि ज्या घराने सात वर्षं बाहेर ठेवलं, तिथे हा आपणहून का जातोय? तुम्ही तिकडे राहिला आहात असं सदरात वाचलं होतं, म्हणून लिहिते. मला अगं-तुगंच करा.

— गोंधळलेली, शिकागो

*

प्रिय गोंधळलेली,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले. आईशी बोलताना त्याचा हेल बदलतो आणि तू ज्याच्याशी लग्न केलंस तो असं बोलत नाही, हे ते वाक्य. आता खरं सांग, कराडला फोन लावतेस तेव्हा तू कशी बोलतेस? गाव सोडल्यावर पहिल्या महिन्याभरात ‘लई’ गिळायला शिकली असशील, ‘आलतीस’चं ‘आली होतीस’ केलं असशील. आणि आईचा आवाज कानावर पडला की ते सगळं आपसूक परत येत असेल. तेव्हा तुझा नवरा शेजारच्या खोलीत दचकत नाही, कारण त्याला मराठी कळत नाही. एवढाच काय तो फरक.

अलाबामाचा हेल शिकागोत मिरवणं सोपं नसतं. ‘यॉल’ म्हटलं, ‘राइट’चं ‘राट’ झालं, की समोरचा हसतो आणि मनातल्या मनात तुमच्या अकलेचे दहा मार्क कापतो. एकोणीस वर्षांच्या पोराने ते ओळखलं आणि जीभ घासूनपुसून टाकली. त्याला सोडायचा होता विश्वास. त्याबरोबर बोलणं सुटलं, आईच्या हातची बिस्किटं-ग्रेव्ही सुटली, शनिवारचा फुटबॉल सुटला, आत्या-मामा सुटले, संध्याकाळी पोर्चवर बसून काहीच न बोलता गोड गार चहा पिणं सुटलं. पोर्चवर बसणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. कराडच्या घराला ओटा असेलच.

डोळे मिटण्याचं म्हणशील, तर माझे वडील सेवा दलातले, देव अजिबात मानायचे नाहीत. पण जेवणाआधीचा श्लोक पुटपुटल्याशिवाय घासाला हात लावायचे नाहीत. लहानपणी आजोळी लागलेली सवय. आई त्यांना चिडवायची. ते म्हणायचे, भूक लागल्यावर तोंडाला काहीतरी चाळा लागतो. तुझ्या नवऱ्याचं ‘सवय’ हे उत्तर मला तरी खरं वाटतं.

आता चर्च आणि घर. तिकडच्या लहान गावात हा फरक वरून दिसतच नाही, म्हणून तो तुला कळत नसेल तर त्यात नवल नाही. चर्च म्हणजे तिथे फक्त देऊळ नव्हे. बुधवारचं सामुदायिक जेवण तिथे, उन्हाळ्याच्या सुट्टीतला मुलांचा बायबल वर्ग तिथे, पोरापोरींच्या ओळखी तिथे, कोण आजारी आहे याची यादी तिथे. काही शाळांतले मास्तर बुधवारी गृहपाठ देत नाहीत, कारण संध्याकाळी पोरं चर्चमध्ये असणार. आणि घरातलं माणूस गेलं की दोन तासांत दारात कॅसरोलची, म्हणजे भांड्यातच भाजलेल्या पदार्थांची, रांग लागते. चिकन-भाताचं, मक्याचं, रताळ्याचं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने नाव, म्हणजे परत करताना घोळ नको. नोव्हेंबरात तुझ्या सासूबाईंच्या ओट्यावर अशी पंधरा-वीस भांडी तरी आली असतील. आईचा गुडघा दुखरा, म्हणजे ती धुऊन घरोघरी पोचवायला कोण गेलं असेल? विचार त्याला. माझा अंदाज, तोच गेला असेल, आणि पंधरा-वीस दारांत पंधरा-वीस म्हाताऱ्यांनी त्याला नावाने हाक मारून ‘अगदी बापावर गेलास’ म्हटलं असेल. शिकागोत त्याला असं म्हणणारं कुणी नाही.

दुसरं एक विचार. वडील सात वर्षं बोलले नाहीत असं तू लिहितेस. म्हणजे आठव्या वर्षी बोलले. आधी कोण बोललं? काय निमित्त झालं? तू ते लिहिलेलं नाहीस आणि मला शंका आहे की तुलाही ते ठाऊक नाही. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असलंच तर त्यात आहे, माझ्याकडे नाही.

मी तिकडे काय पाहिलं ते सांगते, म्हणजे माझा सल्ला कुठून येतो ते तुला कळेल. आम्ही हंट्सव्हिलला तेरा वर्षं होतो, २००३ ते २०१६. यजमानांची एका इंजिनिअरिंग कंपनीत नोकरी. हंट्सव्हिल म्हणजे रॉकेटवाल्यांचं गाव. चंद्रावर माणसं नेणारं सॅटर्न रॉकेट तिथल्या नासाच्या मार्शल केंद्रात घडलं, त्यामुळे तिथे देशोदेशीचे लोक. तरी तिसऱ्या दिवशी शेजारीण केक घेऊन आली आणि पहिला प्रश्न, तुमची माणसं कुठली? दुसरा, रविवारी कुठल्या चर्चला जाता? मी भाबडी. तिला गणपती, कुलदैवत, चतुर्थी असं सगळं समजावत बसले. ती हसून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, मग आमच्याकडे या. भिडेखातर गेले. पुढच्या रविवारीही गेले. तीन महिने जात राहिले. गाणी छान, माणसं प्रेमळ, चर्चनंतर जेवण. मला वाटलं, यात बिघडलं काय?

मग एका रविवारी प्रवचन संपल्यावर पास्टरने सगळ्यांना माना खाली घालायला सांगितलं. पियानो हलकेच वाजत राहिला आणि तो म्हणाला, आज ज्याला येशूला हृदयात घ्यायचंय त्याने पुढे यावं. कडवं संपलं, पुन्हा सुरू झालं. पुन्हा संपलं, पुन्हा सुरू. कुणी उठेना. शेजारणीने माझा हात हातात घेतला. तिचा तळवा घामेजला होता. तेव्हा मला कळलं की ही तीन महिने या क्षणाची वाट पाहत होती. तिने मला फसवलं नव्हतं. उलट मीच तिला फसवत होते. ती कुणाचं तरी तारण, म्हणजे आत्म्याचा उद्धार, होणार म्हणून येत होती आणि मी पाहुणचार म्हणून. त्या संध्याकाळी मी तिच्या पोर्चवर जाऊन नीट सांगितलं की मी माझा देव बदलणार नाही. तिने मान डोलावली. पुढे केक आला नाही. दोन्ही घरांच्या मधल्या हिरवळीवरून हात हलवण्यापुरतं नातं उरलं.

ते सावरायला २०११ साल उजाडलं. २७ एप्रिलला अलाबामात एका दिवसात कितीतरी टोर्नाडो आले, खूप माणसं गेली. आमच्या भागात विजेच्या मुख्य तारांचे मनोरेच आडवे झाले आणि कित्येक दिवस वीज नव्हती. भोंगा वाजला तेव्हा दार ठोठावणारी पहिली तीच. आम्हाला ओढत तिच्या तळघरात घेऊन गेली. नंतरचे दिवस अख्ख्या गल्लीने आपापल्या फ्रीझरमधलं वितळणारं मांस बाहेर काढून शेगडीवर भाजलं आणि सगळ्यांना वाटलं. आमच्यासाठी तिने मक्याची कणसं वेगळ्या कोऱ्या फॉइलमध्ये गुंडाळून भाजली. मांसाचा चिमटा त्यांना लागू दिला नाही, दुसरा चिमटा घरातून आणवला. तारणाचा विषय त्या दिवसांत तिने काढला नाही. पण रोज रात्री आमच्यासाठी प्रार्थना करत होती, हे तिच्या नवऱ्याने आम्हाला सांगितलं.

ही एकच बाई आहे बरं का. घाम फुटलेला तळवा आणि वेगळा चिमटा, दोन्ही तिचेच. तुझ्या सासूबाई अशाच असतील असं समजून चाल. एक अर्धं दिसलं की दुसरं अर्धं खोटं, असं मात्र समजू नकोस.

आता तुझा नवरा म्हणतो ते शक्य असतं का? चर्च सोडून घरी राहता येतं? येतं, पण त्याला फार कणखर माणूस लागतो. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेल्या जिमी कार्टरची गोष्ट तुला ठाऊक असेल. जॉर्जियातलं प्लेन्स, शेंगदाण्याचं गाव. नेव्हीत अधिकारी होऊन बाहेर पडलेला मुलगा. १९५३ साली वडील वारले आणि त्याने ठरवलं, नोकरी सोडायची, गावी जायचं. बायको रोझलिन त्याच गावची, पण तिला परत जायचं नव्हतं. सासू-आईच्या नजरेतून सुटून तिने स्वतःचा संसार उभा केला होता. न्यूयॉर्क राज्यातून जॉर्जियापर्यंतच्या त्या प्रवासात ती नवऱ्याशी धड बोलली नाही. काही सांगायचंच झालं तर मोठ्या मुलाकरवी. मला हे वाचून फार हसू आलं होतं, कारण माझ्या आजीनेही आजोबांशी एक अख्खा चातुर्मास असाच काढला होता. पण मुद्दा असा की रोझलिनला कुणी विचारलंच नव्हतं. निर्णय झाला, मग कळवला. तुझा नवरा तुला विचारतोय. याची किंमत कमी धरू नकोस.

गावी गेल्यावर काय झालं तेही बघ. गोऱ्यांनी काळ्यांविरुद्ध संघटना काढली, तिचं सभासद व्हायला कार्टरने नकार दिला, आणि त्याचा त्रास धंद्याला झाला. पुढे काळ्या लोकांना चर्चमध्ये घ्यायचं की नाही यावरून गावातलं बाप्टिस्ट चर्च फुटलं आणि मॅरानाथा नावाचं नवं चर्च निघालं. कार्टर पती-पत्नी त्या नव्या चर्चचे. १९९८ मध्ये सदर्न बाप्टिस्टांनी आपल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात घातलं की पत्नीने पतीच्या नेतृत्वाला विनयाने अधीन व्हावं. २००० मध्ये ठरवलं की पास्टर पुरुषच. तेव्हा कार्टरने या संस्थेशी नातं तोडल्याचं जाहीर केलं. पण गाव सोडलं नाही, मॅरानाथा सोडलं नाही, नव्वदी ओलांडल्यावरही रविवारच्या वर्गात शिकवत राहिला. विश्वास त्याचा शाबूत होता, तुझ्या नवऱ्याचा नाही, हा फरक मोठाच आहे. पण संस्थेला ‘नाही’ म्हणून त्याच गावात, त्याच माणसांत राहता येतं, एवढं त्यावरून दिसतं.

आणि एक गंमत. याच कार्टरची आई, मिस लिलियन, पेशाने नर्स. ६८व्या वर्षी, १९६६ साली, अमेरिकेच्या पीस कोअरमधून स्वयंसेविका म्हणून आली ती थेट आपल्या विक्रोळीला! जवळजवळ दोन वर्षं तिथल्या दवाखान्यात काम केलं आणि सत्तरीत प्लेन्सला परतली. जन्मतारीख १५ ऑगस्ट, हेही जमलेलं. सासूबाईंशी बोलायला विषय हवा असेल तर हा काढ. फक्त जपून, कारण त्यांच्या गावात कार्टर हे नाव सगळ्यांनाच गोड लागत नाही. विक्रोळीपासून सुरुवात कर, मुलाचं नाव शेवटी घे.

एवढं गोड झालं, आता कडू.

तू विचारतेस, मी तिथे कोण असणार? वेगवेगळ्या वंशांच्या माणसांतल्या विवाहांवरची बंदी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये उठवली. अलाबामाच्या राज्यघटनेत ते कलम मात्र तसंच पडून होतं. ते काढायला नोव्हेंबर २००० मध्ये मतदान घ्यावं लागलं. निघालं, पण दहातल्या चार जणांनी ते राहू द्या असं मत दिलं. कायद्याने त्या कलमाला तेव्हा काहीही अर्थ उरला नव्हता, म्हणजे हे निव्वळ मनातलं मत. तेव्हा तुझा नवरा शाळकरी पोरगा असेल. ते मत देणारी माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. ती तुला मुद्दाम टोचून बोलणार नाहीत, तिकडची रीत तशी नाही. ती ‘मॅम’ म्हणतील, दार धरतील, लोणच्याची बरणी देतील. आणि ‘ब्लेस युअर हार्ट’ म्हणतील, ज्याचा अर्थ प्रसंगाप्रमाणे ‘बिचारी’ किंवा ‘काय मूर्ख आहे ही’ यापैकी काहीही होतो. आपल्या पेठेतल्या ‘या हं परत’सारखंच ते. त्या सौजन्याला स्वीकार समजलीस तर पुढे दुखेल. आणि खोटेपणा समजलीस तर एकटी पडशील.

योगाचं उदाहरण घे. अलाबामाने १९९३ मध्ये सरकारी शाळांत योगावर बंदी घातली. २०२१ मध्ये ती उठवली, पण कायद्यात लिहून ठेवलं की आसनांची नावं इंग्रजीच हवीत, मंत्र नकोत आणि ‘नमस्ते’ म्हणायचं नाही. पालकांची सही वेगळी. तुझा नवरा त्याच शाळांत मास्तर होणार आहे, आणि तुमचं मूल कदाचित त्याच शाळेत जाईल. हसण्यावारी नेता येतं, मीही नेलं. पण तुझ्या लेकीने वर्गात हात जोडले आणि बाईंनी ते खाली करायला लावले, तर त्या दिवशी तुला हसू येईल का, याचा विचार आत्ताच करून ठेव.

बाळंतपणाचं आणखी गंभीर. तिथे २०२२ पासून गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी आहे, आईच्या प्रकृतीला गंभीर धोका असेल किंवा बाळ जगणंच शक्य नसेल, अशा मोजक्या वेळीच सूट. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भ्रूणांनाही मूल मानलं, टेस्ट ट्यूबवाल्या काही दवाखान्यांनी कामच थांबवलं, मग महिन्याभरात त्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. शिवाय खेड्यापाड्यातल्या बऱ्याच इस्पितळांनी बाळंतपणाचे विभाग बंद केलेत. म्हणून घर बघण्याआधी तू इस्पितळ बघ. तिथल्या डॉक्टरला स्पष्ट विचार की विसाव्या आठवड्यात काही बिघडलं तर तुम्ही काय कराल, आणि किती वाट बघाल. उत्तर गुळमुळीत आलं तर मूल शिकागोत होऊ दे आणि मग जा. एवढ्या एका बाबतीत नवऱ्याच्या हळवेपणाला जुमानू नकोस. त्याची आई वर्षभर थांबेल.

आता माझं मत. जा. पण सासूबाईंच्या घरात नाही. गावात वेगळं घर, भाड्याचं, चालत दहा मिनिटांवर. किंवा सोसत असेल तर हंट्सव्हिलच्या बाजूला, जिथून तो गाडीने शाळेत जाईल. हंट्सव्हिलला तुला आपली माणसं भेटतील, कोथिंबीर मिळेल, आणि आठवड्यातून एकदा कुणाशी तरी मनसोक्त मराठी बोलता येईल. हे चैनीत धरू नकोस. माझं पहिलं वर्ष सरलं ते दर शनिवारी पुरणपोळीपासून पिठल्यापर्यंत कशावरही तासभर भांडणाऱ्या तीन बायकांमुळे. ते न मिळालेल्या एका मुलीला मी बघितलंय. दुसऱ्या वर्षी ती भिंतीशी बोलल्यासारखी नवऱ्याशी बोलायला लागली होती. आणि दोन वर्षांची मुदत ठरवा. दोन वर्षांनी पुन्हा बसून बोलायचं, तेव्हा तुझ्या ‘नको’लाही त्याच्या ‘हो’एवढंच वजन. हे आजच कबूल करून घे, शिकागोत, तो जुन्या हेलात बोलत नसताना.

चर्चचं उत्तर तू नाही द्यायचं, त्याने द्यायचं. ही माझी अट समज. सासूबाईंना पहिल्याच आठवड्यात मुलाने सांगायला हवं की आई, तुला मी दर रविवारी चर्चच्या दारापर्यंत सोडीन आणि न्यायला येईन, पण आत येणार नाही, आणि हिला विचारू नकोस. तो हे सांगायला कचरत असेल, ‘तू सांग, तुझं ती ऐकेल’ म्हणत असेल, तर तो घरी जायला अजून तयार झालेला नाही. तसं त्याला सांग. सुनेने नाही म्हटलं की बाहेरच्या बाईने मुलाला तोडलं अशी कथा तयार व्हायला वेळ लागत नाही. अलाबामातही नाही आणि कराडातही नाही. एकोणिसाव्या वर्षी तो खरं बोलला आणि पळाला. आता सदतिसाव्या-अडतिसाव्या वर्षी खरं बोलून तिथेच थांबायचंय. हे काम त्याचं आहे, त्याच्या वाटचं तू करू नकोस.

तू मात्र लग्न, बारसं, अंत्यविधी यांना बिनधास्त आत जा. पुढच्या बाकावर बसू नकोस, पियानो लांबला तर चुळबुळ करू नकोस. कुणी विचारलंच रविवारी काय करता, तर खरं ते सांग. आम्ही हिंदू आहोत म्हटल्यावर लोक एक क्षण गप्प होतात आणि मग विचारतात की तुम्ही भाजीची करी कशी करता. त्यांना अलाबामा की ऑबर्न हे मात्र आधी सांगावं लागेल. फुटबॉलमधली ही दोन विद्यापीठं म्हणजे तिकडचे शैव-वैष्णव. सासूबाईंचा पक्ष कुठला ते आधी काढून घे आणि निमूटपणे तोच पत्कर. या बाबतीत बाणेदारपणा दाखवण्यात काही अर्थ नाही.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नापाशी परत येते. सात वर्षं बाहेर ठेवणाऱ्या घरी का जातोय? मी तिकडच्या सार्वजनिक ग्रंथालयात काही वर्षं काम केलं. तिथे माझ्याबरोबर एक कृष्णवर्णीय बाई होती, तुझ्या शिकागोत जन्मलेली. गेल्या शतकात, १९१० ते १९७० च्या दरम्यान, साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली राज्यं सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली, तिचे आजी-आजोबा त्यांतलेच. आणि सत्तरच्या दशकापासून त्यांची मुलं-नातवंडं परत यायला लागली. तीही आली. मी एकदा न राहवून विचारलं, ज्या मातीने तुमच्यावर इतका अन्याय केला तिथे तुम्ही परत कशा येता? ती पुस्तकांवर शिक्के मारत होती. मान वर न करता म्हणाली, माझी माणसं इथे पुरलेली आहेत, दुसऱ्याच्या भरवशावर का ठेवू?

तुझ्या सासरच्या भागात मे महिन्यात ‘डेकोरेशन’ असतं, गावोगावच्या जुन्या चर्चच्या दफनभूमीत, प्रत्येक जागी ठरलेल्या रविवारी. त्या दिवशी बाहेरगावी गेलेली पोरं परत येतात. थडग्यांवरचं गवत काढतात, दगड पुसतात, फुलं ठेवतात, आणि झाडाखाली लांब टेबलं मांडून सगळे एकत्र जेवतात. आत प्रवचन होतं, पण बाहेर गवत काढणाऱ्याला कुणी आत बोलवत नाही. वडिलांचा दगड नवा आहे, भोवतीची लाल माती अजून बसलेली नसेल. घर बदलायचं पुढचं पुढे, आधी त्या एका रविवारासाठी दोघं जाऊन या. तो खाली बसून हाताने गवत उपटत असेल तेव्हा त्याच्याशी बोलायला जाऊ नकोस, त्याच्या आईसाठी घडीची खुर्ची सावलीत लाव आणि तिच्या शेजारी बस. पोळ्या नेऊ नकोस, उन्हात वातड होतात. बटाट्याची भाजी ने, कोरडी, जिरं-मिरची घातलेली. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लाव आणि तिच्यावर तुझं नाव लिही, म्हणजे ते भांडं परत करायला कुणीतरी तुझ्या दारी येईल.

— मावशी